पत्रकारांच्या बाकावर कोण बसतं?

नगरपालिकेच्या सभेची विषयपत्रिका कधी वाचली आहे? जगातली कुठलीही घ्या, भाषा सारखीच, डुलकी आणणारी. "विषय क्रमांक १४ : घनकचरा वाहतुकीच्या चालू कंत्राटास मुदतवाढ देणेबाबत." अध्यक्ष क्रमांक पुकारतात, कुणीतरी "मंजूर" म्हणतं आणि गाडी पंधराव्या विषयावर जाते. सगळं मिळून दहा सेकंद. तेवढ्यात शहराचा कचरा पुढची काही वर्षं कोण उचलणार आणि कितीला, हे ठरून गेलेलं असतं.

आता त्याच सभागृहात मागच्या बाकावर एक बातमीदार बसली आहे असं समजा. हे कंत्राट मागच्या वेळी कितीला गेलं होतं हे तिला आठवतं, कारण तेव्हाही ती इथेच बसली होती. मुदतवाढ दिली की नव्याने निविदा काढावी लागत नाही, हेही तिला ठाऊक आहे. सभा सुटल्यावर ती एका सदस्याला जिन्यातच गाठते आणि विचारते, "निविदा का नाही काढली?" तो उत्तर देतो किंवा फोन कानाला लावून निघून जातो. बातमी दोन्हींची होते. आणि कधीकधी असंही घडतं, की बाकावर ती दिसली म्हणून विषय १४ "पुढील सभेत घेऊ" असं म्हणून बाजूला ठेवला जातो. त्या दिवशी छापायला काहीच मिळत नाही, पण काम झालेलं असतं. स्थानिक पत्रकारितेची ही मोठी पंचाईत आहे. तिचं सगळ्यात उपयोगी काम बऱ्याचदा दिसतच नाही, मग त्याचे पैसे कोणाकडे मागायचे?

स्वतंत्र स्थानिक वृत्तसंस्थांचा सगळा गुंता या प्रश्नात आहे.

आधी "स्वतंत्र" या शब्दाचं बघू. सरकारविरुद्ध लिहितं ते स्वतंत्र, अशी एक समजूत आहे. मला ती अपुरी वाटते. माझी कसोटी जरा रोकडी आहे : उद्या सकाळी एकच माणूस उठून हे वृत्तपत्र बंद करू शकतो का? तो मालक असेल, मोठा जाहिरातदार असेल, मंत्री असेल किंवा अगदी सज्जन देणगीदार असेल. एकट्याच्या हातात नळाची चावी असेल, तर पाणी आज कितीही स्वच्छ येत असो, ते पत्र स्वतंत्र नाही.

उदाहरण घ्या. न्यूयॉर्क आणि शिकागोमध्ये 'डीएनएइन्फो' नावाचं संकेतस्थळ होतं. गल्लीबोळातल्या बातम्या, आणि त्याही नेमाने. मालक अब्जाधीश, जो रिकेट्स. २०१७च्या ऑक्टोबरअखेरीस न्यूयॉर्कच्या कर्मचाऱ्यांनी मतदान घेऊन युनियन करायचं ठरवलं. आठवडाभरात, २ नोव्हेंबरला, मालकाने दोन्ही शहरांतलं काम एका फटक्यात बंद केलं. संकेतस्थळ उघडलं की बातम्यांऐवजी मालकाचं निवेदन दिसायचं. काही काळ तर जुन्या बातम्याही गायब होत्या. शिकागोच्या मंडळींनी त्या मतदानात भागही घेतला नव्हता. त्यांच्यातल्याच काही संपादकांनी मग लोकांकडून ऑनलाइन वर्गणी जमवली, सुमारे १ लाख ८३ हजार डॉलर, आणि २०१८मध्ये 'ब्लॉक क्लब शिकागो' ही ना-नफा संस्था उभी केली. माणसं बहुतेक तीच, वस्त्याही त्याच. फक्त चावी आता हजारो हातांत वाटली गेली.

बरं, पूर्वी हे पैसे कुठून येत होते? वाचक द्यायचे, असं आपल्याला वाटतं. वाचक द्यायचे ते बहुतेक ठिकाणी कागद-शाईलाही पुरत नसे. खरा पैसा जाहिरातींचा, आणि त्यातही सगळ्यात दुभती गाय म्हणजे छोट्या जाहिराती. घर भाड्याने देणे आहे, जुनी मोटार विकणे आहे, कारकून पाहिजे. तीन ओळींच्या या जाहिरातींना बातमीशी काही देणंघेणं नव्हतं. त्या वर्तमानपत्रात यायच्या, कारण गावभर पोचणारा दुसरा कागदच नव्हता. म्हणजे जुनी मोटार विकणारा माणूस नकळत पालिकेच्या सभेला बसणाऱ्या बातमीदाराचा पगार देत होता. ही व्यवस्था कुणी आखली नव्हती, ती आपोआप जुळून आली आणि शंभरएक वर्षं चालली.

मग छोट्या जाहिराती फुकट झाल्या. अमेरिकेत १९९५ साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या 'क्रेगलिस्ट' या ऑनलाइन छोट्या जाहिरातींच्या सेवेने त्यांचा बाजारच उठवला. मोठ्या जाहिराती पुढे गूगल आणि फेसबुककडे गेल्या. अमेरिकी वृत्तपत्रांचं जाहिरातींचं उत्पन्न २००५च्या सुमारास ४,९०० कोटी डॉलरच्या आसपास होतं. २०२०मध्ये ते १,००० कोटींच्याही खाली आलं. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत काम करणारे पत्रकार २००८ साली सुमारे ७१ हजार होते, २०२०मध्ये सुमारे ३१ हजार उरले. २००५नंतर त्या देशातली एक तृतीयांशाहून जास्त वृत्तपत्रं बंद पडली आहेत. आकडे अमेरिकेचे देतोय, कारण तिथे हा हिशोब कुणीतरी नीट मांडून ठेवला आहे. आजार मात्र एका देशाचा नाही. ऑस्ट्रेलियात २०२०मध्ये एकाच कंपनीने शंभराहून जास्त स्थानिक आणि प्रादेशिक पत्रांची छपाई थांबवली. त्यातली बरीच फक्त ऑनलाइन उरली, बाकीची कायमची मिटली.

सगळी पत्रं बंद पडली असती तर निदान कळलं तरी असतं. काही पत्रांचं फक्त नाव उरतं. मोठी साखळी किंवा गुंतवणूक फंड पत्र विकत घेतो, इमारत विकतो, छपाई दुसऱ्या गावी नेतो, बातमीदार कमी करतो. मथळ्यावर गावाचं नाव, आत साऱ्या राज्याला पुरवलेला तोच मजकूर. अमेरिकेत यांना 'भूतपत्रं' म्हणतात. अंक दारात पडतो, म्हणून वाचकाला वाटतं सगळं ठीक आहे. आणि कपात करताना पहिला रिकामा होतो तो तोच मागचा बाक. पालिकेच्या सभेची बातमी वाचतात किती जण? दोनशे? मग तिच्यावर माणूस का खर्च करायचा? हिशोबनिसाच्या वहीत हे बरोबरच आहे.

पण बाक रिकामा राहिल्याचं बिल येतं, आणि ते वेगळ्याच पत्त्यावर येतं.

अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरातलं 'सिनसिनाटी पोस्ट' हे दैनिक २००७च्या ३१ डिसेंबरला बंद झालं. खप अवघा २७ हजार उरला होता आणि शहरात दुसरं मोठं दैनिक होतंच. काय बिघडणार होतं? दोन अर्थतज्ज्ञांनी नदीपलीकडची, शेजारच्या केंटकी राज्यातली उपनगरं तपासली, जिथे लोक याच पत्रावर अवलंबून होते. पुढच्याच वर्षी तिथे स्थानिक निवडणुकांना कमी उमेदवार उभे राहिले, खुर्चीवर असलेलेच पुन्हा निवडून येण्याचं प्रमाण वाढलं आणि मतदान घटलं.

दुसरा अभ्यास कर्जाचा आहे, आणि तो मला जास्त पटतो, कारण त्यात भावनेला जागाच नाही. शहरं पूल, शाळा, गटारं बांधायला रोखे काढून कर्ज घेतात. संशोधकांनी पाहिलं, की स्थानिक पत्र बंद पडलं की त्या भागाला कर्जावर ०.०५ ते ०.११ टक्के जास्त व्याज मोजावं लागतं. आकडा किरकोळ दिसतो. पण दहा कोटी डॉलरच्या कर्जावर तो वर्षाला ५० हजार ते १ लाख १० हजार डॉलर होतो. कारण सरळ आहे. पैसे लावणाऱ्याला माहीत असतं, की आता या शहराच्या तिजोरीकडे कुणी बघत नाहीये. म्हणून तो जोखमीचे थोडे जास्त पैसे मागतो. म्हणजे बातमीदाराचा पगार वाचलाच नाही, तो करातून सावकाराकडे गेला.

आणि बेल. लॉस एंजेलिसजवळचं पस्तीसेक हजार वस्तीचं, बरंचसं कष्टकरी स्थलांतरितांचं गाव. २००५ साली तिथे एक विशेष मतदान झालं. शहराला स्वतःची सनद द्यायची की नाही, असा रूक्ष विषय. चारशेसुद्धा मतं पडली नाहीत. त्या सनदेमुळे नगरसेवकांच्या मानधनावरची राज्याची मर्यादा या गावापुरती उठली. पुढची पाच वर्षं सभांना नियमाने बसणारं कुणी नव्हतं. २०१०मध्ये 'लॉस एंजेलिस टाइम्स'चे दोन बातमीदार शेजारच्या मेवूड गावाच्या भानगडीमागे होते, त्यातून ते बेलपर्यंत पोचले. कागद मागवले तेव्हा दिसलं, की शहर व्यवस्थापकाचा वार्षिक पगार ७,८७,६३७ डॉलर, म्हणजे देशाच्या राष्ट्राध्यक्षाच्या जवळजवळ दुप्पट. अर्धवेळ नगरसेवकांना प्रत्येकी लाखाच्या आसपास. लोक रस्त्यावर आले, व्यवस्थापक तुरुंगात गेला, बातमीला पत्रकारितेचं २०११चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. कौतुक व्हायलाच हवं होतं. पण शेजारच्या गावात भानगड नसती तर?

इथे एक गोष्ट सांगून टाकतो. ज्यांना स्थानिक पत्रकारिता म्हणजे फक्त भ्रष्टाचार उघडकीला आणणं वाटतं, त्यांनी महिनाभर असं एखादं पत्र चालवून बघावं. लोक अंक उघडतात ते निधनवार्ता, शाळेचा सामना, कुठला रस्ता खोदलाय, हरवलेला कुत्रा सापडला का, यासाठी. हा मजकूर हलका समजणारे संपादक मी पाहिलेत, आणि त्यांचा खप बसलेलाही पाहिलाय. ओळखीच्या आजीचा फोटो बघायला आलेला वाचकच पान उलटताना विषय १४ची बातमी वाचतो. नुसत्या विषय १४साठी तो कधीच येत नाही.

पत्र गेल्यावर ही भूक काही जात नाही. ती मग व्हॉट्सअॅपच्या गटांवर भागते. ते गट वाईट असतात असं नाही. नळाला पाणी कधी येणार, हे तिथे सगळ्यांत आधी कळतं. पण "मुलं पळवणारी टोळी आलीय" हेही तिथेच कळतं, आणि फोन करून खात्री करून घेणं हे तिथे कुणाचंच काम नसतं. मोकळ्या जागेचा दुसरा भाडेकरू त्याहून लबाड. गावाचं नाव लावलेलं, जुन्या वर्तमानपत्रासारखं दिसणारं संकेतस्थळ, आत यंत्राने तयार केलेला मजकूर आणि मध्येच पेरलेला राजकीय प्रचार. पैसा कुणाचा, ते कुठेच लिहिलेलं नाही. अमेरिकेत २०२४च्या मध्यावर अशी संकेतस्थळं मोजली तेव्हा १,२६५ निघाली, आणि खरी स्थानिक दैनिकं त्याहून थोडी कमी.

आता पैसे उभे करायच्या नव्या वाटा. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये २०१४ साली 'ब्रिस्टल केबल' सहकारी तत्त्वावर सुरू झालं. सभासद दरमहा थोडे पैसे देतात आणि प्रत्येकाला एक मत. कुठल्या कंपन्यांच्या जाहिराती घ्यायच्या नाहीत, यावरही तिथे सभासदांचं मत घेतलं गेलं. कॅलिफोर्नियात 'बर्कलीसाइड'ने २०१८मध्ये थेट वाचकांनाच समभाग विकले. ३५५ जणांनी मिळून दहा लाख डॉलर दिले. वर्षभरात त्यांनी ना-नफा संस्थेचा मार्ग धरला, कारण देणगी देणारे जास्त आणि नफा मिळेल अशी आशा धरणारे कमी, हे एव्हाना उघड होतं. 'सॉल्ट लेक ट्रिब्यून' हे तर जुनं मोठं दैनिक. २०१९मध्ये तेही ना-नफा झालं. नॉर्वेने १९६९पासून वृत्तपत्रांना सरकारी अनुदान दिलं आहे, मुख्यतः छोट्या आणि दुय्यम पत्रांना. ते ठरावीक निकषांवर मिळतं, मंत्र्याच्या मर्जीवर नाही. पन्नासेक लाख लोकसंख्येच्या त्या देशात दोनशेहून जास्त पत्रं आजही निघतात. सरकारी पैसा म्हटलं की लेखणी वाकणारच, असं मानणाऱ्यांनी हे उदाहरण पाहावं. अर्थात निकष कागदावर आणि देणारा हात मोकळा असेल तर ती वाकतेच. ज्या ठिकाणी सरकारी नोटिसा आणि जाहिराती कुणाला द्यायच्या हे एखादा अधिकारी ठरवतो, तिथे टीका छापल्यावर पुढच्या महिन्याच्या नोटिसा कुठे जातात हे वेगळं सांगायला नको.

मला सगळ्यात आवडलेली युक्ती शिकागोची. 'सिटी ब्युरो' नावाची संस्था साध्या नागरिकांना सभेच्या नोंदी घ्यायला शिकवते आणि तासाप्रमाणे मानधन देऊन त्यांना शाळा समिती, पोलीस मंडळ, पाणी खात्याच्या बैठकांना पाठवते. निवृत्त शिक्षिका, कॉलेजातला मुलगा, टॅक्सी चालवणारा, कुणीही. त्या नोंदी सगळ्यांसाठी खुल्या असतात. बाकावर बसायला पत्रकारितेची पदवी लागत नाही, बसायचे पैसे मात्र लागतात, हे त्यांनी सरळ मान्य केलं. हा प्रयोग आता अमेरिकेतल्या इतर शहरांतही चालतो.

सगळ्याच वाटा पार लागतात असं नाही. वेल्समधल्या पोर्ट टॅलबट या पोलादाच्या गावातलं 'गार्डियन' हे स्थानिक पत्र २००९मध्ये बंद झालं. पत्रकारांनी सहकारी संस्था काढून 'मॅग्नेट' सुरू केलं. मेहनत होती, हेतू चांगला होता. २०१६मध्ये पैशाअभावी तेही थांबलं. गावात गरिबी असेल तर वर्गणीचा मार्ग आधीच अरुंद असतो. आणि नेमकी त्याच गावाला बाकावर बसणाऱ्या माणसाची गरज जास्त. या कोड्याचं उत्तर वर्गणीवाल्यांकडे नाही.

पैसे जमले तरी बातमी पोचवणारा रस्ता दुसऱ्याचा असतो. कॅनडाने २०२३मध्ये कायदा केला, की मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांनी बातम्यांबद्दल वृत्तसंस्थांना मोबदला द्यावा. उत्तर म्हणून फेसबुकची मालक कंपनी मेटाने ऑगस्टपासून फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर कॅनडात बातम्याच बंद केल्या. त्याच महिन्यात उत्तरेकडच्या यलोनाइफ शहराच्या दिशेने वणवा सरकू लागला आणि सुमारे वीस हजार लोकांना शहर सोडायचा आदेश निघाला. कुठला रस्ता चालू आहे, विमानं कुठून सुटणार, कुठल्या गावात आसरा आहे, हे तिथलं छोटं स्वतंत्र केंद्र 'केबिन रेडिओ' तासातासाला देत होतं. पण फेसबुकवर त्याचा दुवा टाकता येत नव्हता. लोक बातमीचा स्क्रीनशॉट काढून तो फोटो म्हणून टाकत राहिले. आग मागे लागलेली असताना. कायदा चांगला की वाईट हा वाद वेगळा. ज्या रस्त्याने वाचक येतो तो रस्ताच कुणी एकजण बंद करू शकत असेल, तर नळाच्या चावीची माझी कसोटी तिथेही लागते. म्हणूनच आज हुशार छोट्या संस्था वाचकाचा ईमेल पत्ता जिवापाड जपतात.

कोर्टाची भीती वेगळीच. अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या कॅरल गावच्या 'टाइम्स हेराल्ड'ने एका पोलिसाच्या वर्तनावर बातमी छापली. त्याने अब्रुनुकसानीचा दावा लावला. पत्राने दावा जिंकला, बातमी खरी ठरली, आणि वकिलांचं बिल झालं सुमारे १ लाख ४० हजार डॉलर. ते भरायला लोकांपुढे झोळी धरावी लागली. जिंकून ही अवस्था.

आणि काही ठिकाणी किंमत याहून फार मोठी असते. मेक्सिकोतल्या कुलियाकानमध्ये 'रिओदोसे' हे साप्ताहिक अमली पदार्थांच्या टोळ्यांवर लिहीत आलं. त्याचे एक संस्थापक हाविएर वाल्देस यांना १५ मे २०१७ रोजी कार्यालयाजवळच भर दिवसा गोळ्या घातल्या. राजधानीतून आलेला पत्रकार बातमी देऊन विमानाने परत जातो. स्थानिक बातमीदाराचं घर, त्याच्या मुलांची शाळा, तो जातो-येतो तो रस्ता सगळ्यांना माहीत असतो. जवळ असणं हेच त्याचं बळ आणि हाच त्याचा धोका.

जुन्या पत्रांच्या आठवणीने मात्र फार गहिवरू नये. ती सगळ्या गावाची कधीच नव्हती. अमेरिकेतल्या 'कॅन्सस सिटी स्टार' या दैनिकाने २०२०च्या डिसेंबरमध्ये स्वतःचेच जुने अंक तपासले आणि आपण दशकानुदशकं कृष्णवर्णीय रहिवाशांना गुन्ह्याच्या बातमीपलीकडे जागा दिली नाही, अशी जाहीर माफी मागितली. अशा वस्त्यांमध्ये बाक आधीही रिकामाच होता. उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटमध्ये २००२ साली 'खबर लहरिया' निघालं, बुंदेली बोलीत, गावातल्या बायकांनी लिहिलेलं. त्यांतल्या अनेकजणी दलित. हातपंप, रस्ता, रेशन, बाईवरचा अत्याचार, हे विषय मोठ्या दैनिकांच्या जिल्हा पानांवर येत नव्हते असं नाही. पण हातपंपाशी रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईने ते कधी लिहिले नव्हते.

शेवटचा प्रश्न मी कुठल्याच परिषदेत फारसा ऐकला नाही : हे लोक रजा कधी घेतात? बहुतेक स्वतंत्र संस्था दोन-तीन माणसांच्या. संपादक, जाहिरात गोळा करणारा आणि संकेतस्थळ दुरुस्त करणारा बऱ्याचदा एकच. तो आजारी पडला की अंक अडतो, तो थकला की संस्था.

आयोवातल्या 'स्टॉर्म लेक टाइम्स'चं घरच त्यात आहे. हे पत्र १९९०मध्ये एका भावाने काढलं. दुसरा भाऊ, आर्ट कलन, संपादक. आर्टचा मुलगा बातमीदार. खप तीनेक हजार, अंक आठवड्यातून दोनदा. नदीतल्या नायट्रेटच्या प्रदूषणाच्या खटल्यात जिल्ह्याच्या वकिलांचे पैसे गुपचूप कोण भरतंय, हा प्रश्न त्यांनी शेतकरी वाचकांची नाराजी पत्करून लावून धरला, आणि २०१७चं अग्रलेखाचं पुलित्झर त्या दहाएक हजारांच्या गावात आलं. गावात आणखी एक जुनं पत्र होतं, 'पायलट ट्रिब्यून'. २०२२मध्ये कलन कुटुंबाने तेही घेतलं आणि दोन्ही एक केली. आता मथळ्यावर दोन्ही नावं आहेत, आणि स्टॉर्म लेकच्या सभागृहात पूर्वी ज्या बाकावर दोन प्रतिस्पर्धी बातमीदार एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघत बसायचे, तिथे एक जण बसतो.